रोमा आणि आपले भटके

अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ मध्ये, म्हणजे इसवी सन १०६० च्या सुमारास पूर्ण झाले. तिथल्या शिलालेखात शिलाहार राजा मांवाणि याचे नाव आहे. वालधुनी नदीच्या काठी हे काम चालले होते, त्याच काळात कॉन्स्टँटिनोपलमध्ये एका परक्या जमातीची नोंद होत होती. १०६८ च्या सुमारास लिहिलेल्या एका जॉर्जियन संतचरित्रात ती सापडते. सम्राटाच्या उद्यानातली हरणे-सांबरे हिंस्र श्वापदे फस्त करत होती. त्यांचा बंदोबस्त करायला 'अत्सिंगान' नावाच्या लोकांना बोलावले. त्यांनी मंत्र घातलेले मांसाचे तुकडे जागोजागी टाकले आणि श्वापदे मेली. हे लोक जादूटोण्यासाठी प्रसिद्ध असल्याचा शेराही चरित्रकाराने मारला आहे. ही रोमा लोकांची युरोपच्या उंबरठ्यावरची पहिली नोंद, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यांचा इतिहासात प्रवेश झाला तोच मुळी संशयाने.

आज या मंदिरापासून बदलापूरच्या दिशेने निघाले की चिखलोली लागते. एकेकाळचे हे गाव आता कारखाने आणि नव्या इमारती यांच्या गराड्यात आहे. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामधले नवे रेल्वे स्थानक चिखलोलीच्याच नावाने मंजूर झाले. हा सगळा पट्टा बाहेरून आलेल्यांनी वसवलेला आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले. अंबरनाथच्या कारखान्यांनी महाराष्ट्रभरातून आणि महाराष्ट्राबाहेरून माणसे ओढून आणली. याच पट्ट्यात कंजारभाट समाजाची वस्ती आहे. ब्रिटिश सरकारने ज्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवले, त्या जमातींपैकी हा एक समाज. रोमांची गोष्ट मराठीत सांगायची तर ती इथून सांगितली पाहिजे. युरोपने रोमांना जसे वागवले तसेच आपण आपल्या भटक्यांना वागवले आहे, आणि ते वागवणे अजून पुरते थांबलेले नाही.

भाषेने सांगितलेला प्रवास

रोमांनी स्वतःचा लिखित इतिहास ठेवला नाही. ते कुठून आले हे युरोपला कित्येक शतके माहीत नव्हते. पंधराव्या शतकात पश्चिम युरोपात पोचलेल्या टोळ्यांनी आपण 'छोट्या इजिप्त'मधले यात्रेकरू असल्याचे सांगितले. त्यावरून इंग्रजीत त्यांना 'जिप्सी' हे नाव पडले आणि ते आजही अनेक रोमांना अपमानास्पद वाटते. ते स्वतःला रोम म्हणतात, अनेकवचनी रोमा. जर्मनीत सिंती, फ्रान्समध्ये मानूश आणि स्पेनमध्ये काले अशी त्यांच्यातल्या गटांची नावे आहेत.

कोडे उलगडले ते भाषेमुळे. १७८२ मध्ये योहान रुडिगर या जर्मन विद्वानाने आणि पुढच्याच वर्षी हाइनरिश ग्रेलमन याने रोमानी भाषेचे मूळ भारतात असल्याचे मांडले. मराठी वाचकाला त्यासाठी विद्वानांच्या साक्षीची फारशी गरज नाही. रोमानीत पाण्याला पानी, कानाला कान, नाकाला नाख, दाताला दांद, जिभेला छिब आणि मिठाला लोन म्हणतात. माणूस तो मानुष, काळा तो कालो, वर्ष ते बेर्श. दहापर्यंतचे आकडे असे: येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव, एफ्ता, ओख्तो, एन्या, देश. पहिले सहा आणि शेवटचा आपले वाटतात. मधले सात, आठ आणि नऊ मात्र ग्रीक आहेत.

भाषा अशी रस्त्याची खूण जपून ठेवते. रोमानीत फारसी शब्द आहेत, आर्मेनियन आहेत, ग्रीक तर भरपूर आहेत. घोड्याला ते आर्मेनियनमधून घेतलेला 'ग्रास्त' हा शब्द वापरतात, रस्त्याला ग्रीकमधला 'द्रोम'. त्यावरून वाट दिसते: भारताच्या वायव्येकडून इराण, तिथून आर्मेनिया, मग ग्रीकभाषक बायझंटाइन साम्राज्यात बराच काळ मुक्काम आणि त्यानंतर बाल्कन.

निघाले कधी, याचा एक सुगावा व्याकरणात आहे. संस्कृतात तीन लिंगे होती. मराठी, कोकणी आणि गुजरातीने ती तिन्ही जपली. हिंदी आणि तिच्या शेजारच्या बऱ्याच भाषांत नपुंसकलिंग नाहीसे झाले आणि बहुतेक नपुंसक नामे पुल्लिंगात गेली. रोमानीतही नेमके तेच घडलेले दिसते. आपण 'ते पाणी' म्हणतो, रोमानीत पाणी पुल्लिंगी आहे. हा बदल साधारण पहिल्या सहस्रकाच्या अखेरीस झाला, म्हणून तोवर रोमांचे पूर्वज भारतातच असावेत, असा भाषाशास्त्रज्ञांचा तर्क आहे. जनुकशास्त्र थोडे वेगळे सांगते. युरोपभरच्या रोमांच्या जनुकांचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास हे स्थलांतर सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी, वायव्य भारतातून, एकाच मूळ गटाने सुरू केल्याचे मांडतो. काळाबद्दल मतभेद आहेत, मूळ देशाबद्दल नाहीत.

इथे आपल्याकडचा एक समजही दुरुस्त करून घ्यायला हवा. रोमा म्हणजे आपले बंजारा, लमाणच, असे भाषणांत आणि लेखांत सर्रास सांगितले जाते. घागरा, चांदीचे दागिने, तांडा आणि संगीत यांच्या साम्यावर ही समजूत उभी आहे. पण बंजारांच्या गोरमाटी बोलीचा जवळचा संबंध राजस्थानीशी आहे, आणि रोमानी मूळ शाखेपासून त्याच्या कितीतरी आधी वेगळी झाली. दोन्ही भाषा भारतीय आर्य कुळातल्या आहेत, इतकेच नाते भक्कमपणे सांगता येते. रोमांचे आपल्या भटक्यांशी असलेले खरे साम्य पेहरावात शोधू नये. ते धंद्यात आणि समाजाने दिलेल्या वागणुकीत आहे.

फिरता धंदा

माणसे फिरतीवर का राहतात? त्यांच्या रक्तात भटकणे असते, हे उत्तर चुकीचे आहे. एका गावात वर्षभर पुरेल इतके काम ज्याच्या कसबाला मिळत नाही, त्याला दहा गावे फिरावी लागतात. पाटा-वरवंट्याला टाकी लावायचे काम एका घरात वर्षातून एकदाच निघते. विळे-कोयत्यांना पाणी द्यायचे, टोपल्या विणायच्या, झाडपाल्याचे औषध द्यायचे, दोरीवरचा खेळ दाखवायचा, तर गाव सोडून पुढच्या गावाला जाणे भागच असते. कैकाडी, घिसाडी, वडार, वैदू, डोंबारी, नंदीवाले, दरवेशी, बहुरूपी, चित्रकथी हे सगळे असे गावगाड्याच्या कडेने फिरणारे कारागीर आणि कलावंत. शेतकऱ्याला त्यांची गरज होती, पण गावात त्यांना घर, वतन किंवा पाणवठ्यावर हक्क नव्हता.

रोमांच्या पोटजातींची यादी यासमोर ठेवून पाहावी. काल्देराश तांब्याची भांडी घडवतात आणि त्यांना कल्हई करतात. उर्सारी अस्वलांचा खेळ करत, अगदी आपल्या दरवेशांसारखा. लोवारी घोड्यांचे व्यापारी. रुमानियात लाकडाचे चमचे आणि कठवती कोरणारे रुदारी आहेत. हंगेरीत आणि स्पेनमध्ये त्यांचे वादक नावाजले. फ्लामेंको संगीताच्या घडणीत स्पेनच्या रोमांचा मोठा वाटा आहे आणि युरोपातल्या जॅझचा श्रेष्ठ गिटारवादक जँगो राइनहार्ट हा मानूश कुटुंबातला होता.

त्यांच्या कसबाची किंमत जमीनदारांना चांगली कळली होती. आजच्या रुमानियात, म्हणजे तेव्हाच्या वालाकिया आणि मोल्दाविया या संस्थानांत, रोमा गुलाम होते. १३८५ च्या दस्तऐवजात एका मठाला चाळीस रोमा कुटुंबे दान दिल्याची नोंद आहे. राजा, मठ आणि सरदार यांच्या मालकीची ही माणसे विकली जात, आंदण दिली जात. मोल्दावियात १८५५ मध्ये आणि वालाकियात १८५६ मध्ये ही गुलामी कायद्याने संपली. जवळपास पाचशे वर्षे ती चालली. सुटका झाली तेव्हा त्यांच्या हातात जमीन नव्हती आणि नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना.

आपल्याकडे धंदे गेले ते वेगळ्या वाटेने. रेल्वे आली आणि बैलांच्या पाठीवरून मीठ-धान्य वाहणाऱ्या तांड्यांचा व्यापार बसला. जंगल कायद्यांनी वैदू, पारधी आणि कैकाडी यांची वनोपजाची वाट अडवली. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने रस्त्यावर गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा खेळ करून पैसे मागणे हे भीक या सदरात टाकले. वन्यप्राणी संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यानंतर दरवेशी आणि मदारी यांची जनावरे गेली. यातले काही कायदे आवश्यकच होते. पण ज्याचे पोट त्यामुळे गेले त्याच्यासाठी दुसरी वाट काढण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही.

नोंदवही आणि हजेरी

फिरणारा माणूस राज्यकर्त्याला खुपतो. त्याचा सारा गोळा करता येत नाही, त्याला एका पत्त्यावर शोधता येत नाही. इंग्लंडने १५३० मध्ये 'इजिप्शियन' लोकांना देशाबाहेर काढणारा कायदा केला आणि १५५४ मध्ये देशात राहिल्यास देहदंडाची शिक्षा ठेवली. स्पेनमध्ये १७४९ च्या जुलैत एकाच मोहिमेत हजारो रोमांना घराघरांतून उचलून तुरुंगात आणि सक्तमजुरीला धाडले. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने त्यांना 'नवे शेतकरी' असे नाव देऊन त्यांची भाषा आणि पेहराव यांवर बंदी आणली. पुढे आईबापांकडून मुले काढून घेऊन ती शेतकरी कुटुंबांत वाढवण्याचे हुकूमही निघाले.

एकोणिसाव्या शतकात या संशयाला शास्त्राचे रूप मिळाले. गुन्हेगारी वंशपरंपरेने येते, हा विचार युरोपात जोर धरत होता. तोच विचार भारतात कायदा होऊन आला. १८७१ चा क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट मांडताना सांगितले गेले की या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच होणार. जातिव्यवस्था ही सरकारने पुरावा म्हणून वापरली. एखादी जमात गुन्हेगार असल्याचे सरकारने जाहीर केले की त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागायची सोय नव्हती. सुरुवातीला हा कायदा उत्तरेत लागू होता. १८९७ च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याचा अधिकार दिला. १९११ मध्ये तो सबंध ब्रिटिश भारताला आणि म्हणून मुंबई इलाख्यालाही लागू झाला. कंजारभाट, कैकाडी, पारधी, छप्परबंद, भामटा, रामोशी, वडार, बेरड अशा जमाती त्याच्या कचाट्यात आल्या.

कायद्याचे रोजचे रूप म्हणजे हजेरी. नाव रजिस्टरात चढायचे, बोटांचे ठसे घेतले जायचे. ठरल्या वेळी पोलीस पाटलापुढे किंवा चौकीवर जाऊन उभे राहायचे. दुसऱ्या गावी जायचे तर पास हवा. सोयरिकीला जा, मयताला जा, पास नसेल तर गुन्हा. सोलापूर, विजापूर, हुबळी इथे तारेच्या कुंपणाआड वसाहती उभ्या राहिल्या. तिथल्या माणसांच्या तोंडी त्यांचे नाव 'सेटलमेंट' असेच राहिले आणि सोलापुरात त्या भागाला आजही तेच म्हणतात. सोलापूरच्या गिरण्यांना इथून मजूर मिळत. माणूस पाळी संपवून परत येई आणि पुन्हा हजेरी देई.

याच वर्षांत फ्रान्सनेही कायदा केला. १६ जुलै १९१२ च्या या कायद्याने तेरा वर्षांवरच्या प्रत्येक भटक्याला एक ओळखपुस्तिका बाळगण्याची सक्ती केली. त्यात उंची, छातीचा घेर, डोक्याची लांबी-रुंदी, उजव्या कानाची लांबी, डाव्या हाताच्या बोटांची आणि पायाची लांबी, डोळ्यांचा रंग, दहा बोटांचे ठसे आणि दोन बाजूंनी काढलेली छायाचित्रे असत. गावात येताना आणि जाताना त्यावर शिक्का घ्यावा लागे. १९६९ मध्ये या पुस्तिकेच्या जागी दुसरे परवाने आले आणि तेही पूर्णपणे रद्द व्हायला २०१७ उजाडले. म्यूनिकच्या पोलिसांनी १८९९ मध्येच रोमांची माहिती जमवणारे खास कार्यालय थाटले होते. १९०५ मध्ये त्यांनी तीन हजारांहून अधिक नावांचे पुस्तक छापून पोलिसांना वाटले.

अशा याद्या तयार असल्या की पुढच्या सरकारला फार श्रम पडत नाहीत. नाझी राजवटीत रॉबर्ट रिटर याच्या पथकाने हजारो रोमा आणि सिंतींची वंशावळ व शरीराची मोजमापे नोंदवली. त्या नोंदींवरून माणसे छळछावण्यांत गेली. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री आउश्वित्झ-बिर्केनाऊमधला रोमांचा विभाग रिकामा केला गेला आणि चार हजारांहून अधिक लोक विषारी वायूने मारले गेले. त्यांत बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे होती. युद्धकाळात मारल्या गेलेल्या एकूण रोमांच्या संख्येचे अंदाज दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत आहेत. हा वंशसंहार होता हे पश्चिम जर्मनीच्या सरकारने मान्य केले ते १९८२ मध्ये.

भारतात गोष्ट त्या टोकाला गेली नाही. या कायद्याची चौकशी करणाऱ्या अय्यंगार समितीच्या अहवालानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट रद्द झाला. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी सुटलेले हे लोक ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला. कागदावर तो व्यक्तीपुरता होता, जमातीपुरता नव्हता. गावात चोरी झाली की पारध्याच्या पालावर धाड पडायची ती मात्र पडतच राहिली. तुरुंगांच्या नियमावल्यांतही जुना शिक्का टिकून होता. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल दिला, तेव्हा कुठे विमुक्त जमातींना जन्मजात सराईत गुन्हेगार समजणाऱ्या त्या तरतुदी घटनाबाह्य ठरल्या.

'मुले पळवणारे'

कायदा बदलतो, लोकांच्या मनातली प्रतिमा तितक्या सहज बदलत नाही. तिचा सर्वांत घातक प्रकार म्हणजे मुले पळवणारी टोळी.

ऑक्टोबर २०१३ मध्ये ग्रीसमधल्या फार्साला गावाजवळ रोमा वस्तीत सोनेरी केसांची एक छोटी मुलगी पोलिसांना दिसली. सांभाळणाऱ्या जोडप्याशी तिचे रूप जुळत नव्हते. तिला पळवून आणल्याची बातमी जगभर गाजली. तपासात ती बल्गेरियातल्या एका गरीब रोमा जोडप्याचीच मुलगी निघाली. पण त्या बातमीच्या भरात आयर्लंडच्या पोलिसांनी दोन रोमा घरांतून गोऱ्या वर्णाची मुले ताब्यात घेतली. डीएनए तपासणीनंतर दोन्ही मुले त्या-त्या आईबापांचीच ठरली आणि परत करावी लागली. २०१९ च्या मार्चमध्ये पॅरिसच्या उपनगरांत समाजमाध्यमांवर पसरलेल्या अशाच अफवेने जमावांनी रोमांवर हल्ले केले.

आपल्याकडे याच्या आदल्या वर्षी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे पाच माणसे ठेचून मारली गेली. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर पोट भरणारे भटके होते. बहुतेक जण सोलापूरकडून आलेले. त्या दिवशी गावचा बाजार होता. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अफवा मोबाइलवर आधीच फिरत होत्या. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि तिथे जीव जाईपर्यंत मारले. फिरस्ता गोसावी दारात आला की सूपभर धान्य घालायची रीत महाराष्ट्रात शतकानुशतके होती. त्याच महाराष्ट्रात त्यांची ओळख विचारायलाही कोणी थांबले नाही.

पंचांचा दरारा

ज्यांना बाहेरचे न्यायालय कधी आपले वाटले नाही, ते आपले न्यायालय स्वतः उभे करतात. रोमांच्या काल्देराश, लोवारी अशा काही गटांत 'क्रिस' नावाची सभा असते. जाणती माणसे बसतात, भांडणे ऐकतात, दंड ठरवतात. सर्वांत कडक शिक्षा म्हणजे माणसाला विटाळलेला ठरवून जमातीबाहेर काढणे. आपल्या जातपंचायतीशी याचे साम्य सांगायला नको. पोलीस ठाण्यात पाऊल टाकले की मार, अशी ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख, त्यांना पंचांचा निवाडा हाच आधार होता. तो लवकर लागे, आपल्या बोलीत लागे आणि वकील लागत नसे.

पण हीच ढाल आपल्या माणसाच्या पायातली बेडी होते, आणि ती पहिल्यांदा बाईच्या पायात पडते. पोलंडमध्ये ब्रोनिस्लावा वाइस, टोपणनाव पापुशा, ही रोमा कवयित्री स्वतःच्या हिमतीवर लिहायला-वाचायला शिकली. १९५० च्या सुमारास तिच्या कविता एका पोलिश कवीने प्रसिद्ध केल्या. त्याच वेळी सरकार रोमांना सक्तीने एका जागी बसवू पाहत होते. तिने आपली गुपिते परक्यांना दिली, असा ठपका ठेवून तिला वाळीत टाकले गेले. १९८७ मध्ये मरेपर्यंत तिने आयुष्य एकाकी काढले.

अंबरनाथची गोष्ट याच जातीची आहे. कंजारभाट समाजात लग्नाच्या रात्री नवरीच्या कौमार्याची परीक्षा घेण्याची आणि दुसऱ्या दिवशी पंचांसमोर नवऱ्याला त्याबद्दल विचारण्याची रूढी होती. २०१७ च्या अखेरीस याच समाजातल्या शिकलेल्या तरुण-तरुणींनी 'स्टॉप द व्ही रिच्युअल' या नावाने तिच्याविरुद्ध मोहीम उघडली. पिंपरीत त्यांच्यातल्या काहींना मारहाण झाली. मे २०१९ मध्ये अंबरनाथला या मोहिमेतल्या एका तरुणाची आजी वारली. तिच्या अंत्ययात्रेला समाजातल्या कोणी जाऊ नये असे फर्मान निघाल्याची तक्रार पोलिसांत झाली आणि चौघांविरुद्ध गुन्हा नोंदवला गेला. तिरडीला खांदा द्यायला माणूस नसणे, याहून मोठी शिक्षा गावकीत आणि भावकीत नाही.

गुन्हा नोंदवता आला तो एका नव्या कायद्यामुळे. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ मध्ये मोहीम सुरू केली. त्याच वर्षी २० ऑगस्टला समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. कार्यकर्त्यांनी काम सोडले नाही. २०१६ मध्ये महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला आणि २०१७ मध्ये राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर तो लागू झाला. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

या घटनेवरून सगळ्या कंजारभाटांना मागासलेले म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि ते साफ चूक आहे. रूढी मोडायला उभी राहिलेली मुले त्याच समाजाची होती. कंजारभाटांशी नाते असलेल्या अहमदाबादच्या छारा समाजातल्या तरुणांनी १९९८ मध्ये 'बुधन थिएटर' सुरू केले. पोलीस कोठडीत मारल्या गेलेल्या बुधन शबर याचे नाव त्यांनी आपल्या नाट्यसंस्थेला दिले. मराठीत लक्ष्मण माने यांचे 'उपरा', लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या', भीमराव गस्तींचे 'बेरड' आणि किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' या आत्मकथनांनी बाहेरच्या अन्यायाबरोबर आपल्या पंचांचा जाचही लपवला नाही. 'उपरा'ला १९८१ चा आणि 'उचल्या'ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

१९६१ चा पुरावा

विमुक्त आणि भटक्यांना महाराष्ट्रात आरक्षण आहे. कंजारभाट विमुक्त जातींच्या 'अ' गटात येतात आणि या गटाला तीन टक्के जागा आहेत. पण त्या जागेपर्यंत पोचायला जातीचा दाखला लागतो. त्यासाठी आपण किंवा आपले वाडवडील २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वी महाराष्ट्रात राहत होतो, हे दाखवावे लागते.

हा कागद कुठून आणायचा? स्थिर कुटुंबाकडे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला असतो, सातबारा असतो, कोतवाल बुकात जन्माची नोंद असते. ज्याचा आजा माळावरच्या पालात जन्मला, त्याची नोंद कोणत्या गावच्या कोतवालाने केली असेल? बाप शाळेत गेला असेल तर दर चार महिन्यांनी गाव बदललेले. शेत नाही, म्हणून सातबारा नाही. स्थानिक चौकशी करून दाखला देण्याची तरतूद आहे, पण चौकशी करायला साहेबाने पालावर यावे लागते. ज्यांचे ठसे आणि हजेऱ्या सरकारने चाळीस वर्षे घेतल्या, त्यांनाच आज आपण इथले असल्याचे सरकारला पटवून द्यावे लागते.

युरोपातही हेच आहे. युगोस्लाव्हिया फुटल्यावर स्लोव्हेनियाने १९९२ मध्ये पंचवीस हजारांवर लोकांची नावे रहिवासी नोंदीतून खोडली आणि त्यांत रोमाही होते. चेक प्रजासत्ताकात रोमा मुलांना मतिमंदांसाठीच्या शाळांत घालण्याची पद्धत होती. ओस्त्रावा शहरातल्या अठरा मुलांनी लढा दिला आणि नोव्हेंबर २००७ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा भेदभाव असल्याचा निकाल दिला.

उल्हासनगर हे या बाबतीत आपल्या शेजारचे बोलके उदाहरण आहे. फाळणीने उद्ध्वस्त झालेल्यांसाठी देशाने छावण्या दिल्या, वेगळे मंत्रालय काढले, १९५४ मध्ये नुकसानभरपाईचा आणि पुनर्वसनाचा कायदा केला. ते योग्यच झाले. निर्वासितांनी आपल्या कष्टाने त्या मदतीचे सोने केले. १९५२ मध्ये सेटलमेंटच्या तारा तुटल्या तेव्हा मात्र आत कोंडलेल्यांसाठी असा एकही कायदा झाला नाही. त्यांना सोडून दिले गेले, वसवले गेले नाही. त्यानंतर विमुक्त-भटक्यांसाठी नेमलेल्या बाळकृष्ण रेणके आयोगाने २००८ मध्ये आणि भिकू रामजी इदाते आयोगाने २०१७ च्या अखेरीस आपापले अहवाल तयार केले. त्यांतल्या बहुतेक शिफारशी अंमलाची वाट पाहत आहेत.

नाते सांगायचे तर

८ एप्रिल १९७१ रोजी लंडनजवळ पहिली जागतिक रोमा परिषद भरली. निळ्या-हिरव्या ध्वजावर सोळा आऱ्यांचे तांबडे चाक हे चिन्ह ठरले. त्यामागे भारताशी असलेले नाते होते आणि वीर राजेंद्र ऋषी या भारतीय मुत्सद्द्याचा त्यात सहभाग होता. त्यांनी पुढे चंदीगडला रोमा अभ्यास संस्था काढली. १९८३ मध्ये इंदिरा गांधींनी तिथल्या रोमा महोत्सवाला हजेरी लावली. २०१६ मध्ये दिल्लीत झालेल्या परिषदेत परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी रोमांना भारताची लेकरे म्हटले. युरोपातल्या एक कोटीहून अधिक रोमांना हा जिव्हाळा हवाच आहे.

पण हजार वर्षांपूर्वी गेलेल्यांना आपले म्हणताना, इथे राहिलेल्यांना आपण काय म्हणतो हेही पाहावे लागेल. केंद्र सरकारने २०२५ मध्ये जातनिहाय जनगणनेचा निर्णय जाहीर केला. विमुक्त-भटक्यांची मागणी आहे की त्यात त्यांची स्वतंत्र मोजणी व्हावी, कारण मोजल्याशिवाय निधी नाही आणि योजना नाही. ही मागणी रास्त आहे आणि ती सर्वांनी केली पाहिजे. सराईत गुन्हेगारांचे जुने कायदे राज्यांनी रद्द केले पाहिजेत. दाखल्यासाठी १९६१ चा कागद मागणे थांबवून चौकशीची जबाबदारी तहसील कार्यालयाने घेतली पाहिजे.

उरलेले काम वाचकाच्या हातात आहे. तुमच्या इमारतीशेजारच्या मोकळ्या जागेवर पाल पडले, तर पोलिसांना फोन करण्याआधी तिथल्या मुलांची नावे विचारा आणि ती जवळच्या शाळेत घालायला मदत करा. शिक्षण हक्क कायद्यानुसार जन्मदाखला नाही म्हणून कोणतीही शाळा त्यांना परत पाठवू शकत नाही. मोबाइलवर मुले पळवणाऱ्या टोळीचा निरोप आला तर तो पुढे पाठवू नका. भाड्याने घर देताना आडनाव पाहून दार लावू नका. रोमांचे पूर्वज या देशातून निघून गेले. जे इथेच राहिले, त्यांना आपण अजून घरात घेतलेले नाही.